फडक्यात बांधलेली दाढी

गोदीच्या रंगखात्यातला मुखवटा रबराचा असतो. तो गालाला चिकटून बसला पाहिजे, मध्ये केस आले की वास आत शिरतो.

*

त्या वर्षी पाणी इतकं उतरलं की आमच्या खाडीतले कार्प मासे उभे मेले. उभे म्हणजे खरोखर उभे. शेपूट चिखलात, तोंड हवेत.

*

सावेलीच्या घरात आरसा एकच, तळहाताएवढा. तो दाराआड टांगलेला असायचा आणि बायकांचा होता.

*

आमच्या जुन्या ख्रिस्ती पंथात मेलेल्या पुरुषाला अंघोळ घालतात, पांढरा सदरा घालतात, कमरपट्टा बांधतात. मग दाढी विंचरून छातीवर पसरतात. हे शेवटचं काम घरातली सगळ्यांत म्हातारी बाई करते.

*

सावेलीची मुलगी अनफिसा स्वतःच्या लग्नाचे कमरपट्टे विणत होती. लाल, हिरवा, मधून पिवळी रेघ. सगळ्यांत रुंद पट्टा बापासाठी.

*

सावेली ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या दुसऱ्या आठवड्यात घरी आला. शरदात नदीचं पाणी उतरलं, जाळी कोरडी पडली, तेव्हा तो रुमानियन लोकांच्या तुल्चा शहरात, जहाजांच्या गोदीत कामाला गेला होता. टपालाची होडी धक्क्याला लागली तेव्हा त्याच्या तोंडाभोवती बायकी शाल गुंडाळलेली होती. वारा बोचरा होता खरा, पण तेवढा नव्हता.

उस्तिन्या, त्याची बायको, बोरूच्या भाऱ्यांवर बसली होती. तिने शालीकडे पाहिलं आणि म्हणाली, "दात दुखतोय का?"

"घरी चल."

"दात दुखत असेल तर लवंग आहे घरी."

"चल म्हटलं ना."

घरात त्याची आई अगाफ्या भट्टीजवळच्या बाकावर बसून वाल निवडत होती. तिचे डोळे अधू झालेले. वाल ती बोटांनीच निवडायची, किडका असेल तर बोटाला कळतो म्हणायची. सावेलीने आधी कोपऱ्यातल्या तसबिरींपुढे दोन बोटांनी क्रूस काढला, नमस्कार घातला, मग शाल सोडली आणि आईपुढे वाकला. म्हातारीने सवयीने हात पुढे केला. हात नेहमीच्या ठिकाणी गेला, छातीशी, आणि तिथे काही नव्हतं. मग तो वर सरकला. हनुवटी. गाल. पुन्हा हनुवटी.

"कोण आहे?"

"मी, आई."

"आवाज सावेलीचा आहे," म्हातारी म्हणाली. "तोंड कुणाचं आणलंस?"

उस्तिन्या दारातच उभी राहिली होती. तिच्या हातातली पिशवी खाली गेली.

सावेलीने कोटाच्या आतल्या खिशातून फडकं काढलं. निळ्या चौकटीचं, चार गाठी मारलेलं. गाठी सोडल्या. आत दाढी होती. तांबूस, दाट, टोकाला फिकट पडलेली, एका बाजूला नीट दोऱ्याने बांधलेली. बापाची, आज्याची जशी कमरेपर्यंत यायची तशीच त्याचीही यायची. आमच्या गावात ज्याची दाढी सैन्यात काढली जाते तो ती घरी घेऊन येतो. मेल्यावर ती त्याच्या शवपेटीत ठेवतात. नाहीतर वर देवाच्या दाराशी ओळख पटत नाही.

अगाफ्याने ती मांडीवर घेतली. वाल बाजूला सारले आणि बोटांनी केस विंचरायला लागली.

"कुणी काढली?"

"मुखवटा असतो, आई. जहाजाच्या पोटात शिरून रंग मारायचा तर मुखवटा लागतो. तो दाढीवर बसत नाही."

"म्हणजे त्यांनी काढायला लावली."

सावेली खाली बसून बूट काढत होता. बुटाची नाडी ओली होऊन आवळली होती, सुटेना.

"त्यांनी काढायला लावली," उस्तिन्या म्हणाली. त्याच्या ऐवजी तीच बोलली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विहिरीवर, दुकानात, देवळाच्या पायरीवर मुखवट्याची गोष्ट पोचली होती. उस्तिन्याने ती स्वतः पोचवली. दर वेळी मुखवटा थोडा मोठा झाला. शेवटी शेवटी तर गोदीतल्या लोकांनी सावेलीला धरून खुर्चीवर बसवलं होतं.

लोकांना ती गोष्ट हवीच होती. सावेली आमचा होता. देवळात डाव्या बाजूला उभं राहून गायचा, त्याचा खालचा सूर लागला की खिडकीची काच थरथरायची. त्याच्यावर काही किटाळ यावं असं कुणालाच वाटत नव्हतं.

संध्याकाळी मेलान्या आली. तिचा मुलगा लुक्यान ईस्टर उलटल्यावर अनफिसाशी लग्न करणार होता. मेलान्या बाकावर ऐसपैस बसली, समोवारमधला चहा घेतला, साखरेचा खडा दातात धरला, आणि सावेलीच्या हनुवटीकडे इतका वेळ बघितलं की त्याने मान वळवली.

"थंडी वाजत असेल," मेलान्या म्हणाली.

"सवय होते."

"सवय होऊ देऊ नका हो." मग ती उस्तिन्याकडे वळली. "विहीणबाई, मी सरळच विचारते. तसबीर कोण धरणार?"

लग्नात मुलीचा बाप देवाची तसबीर हातात धरून उभा राहतो. मुलगा-मुलगी त्याच्या पायांपाशी जमिनीला कपाळ टेकतात, तो तसबिरीने त्यांच्या डोक्यावर क्रूस काढतो. तसबीर धरल्याशिवाय लग्न लागतं, पण ते लागल्यासारखं वाटत नाही.

"बाप धरणार," उस्तिन्या म्हणाली. "बाप जिवंत असताना दुसरं कोण धरणार?"

"माझं काही नाही. पण आमच्या ह्यांचा भाऊ, तो सरिकोय गावचा, तुम्हाला माहीतच आहे. त्याला बिनदाढीचा, उघड्या तोंडाचा माणूस तसबिरीजवळ चालत नाही. भर देवळात बोलून दाखवेल तो." तिने खडा दुसऱ्या गालात घेतला. "देवळात जाऊन तेरेंतीबाबांना विचारून घ्या. जबरदस्तीने काढली असेल तर बाबा प्रायश्चित्त देतील आणि सोडतील. जबरदस्तीनेच काढली ना?"

"मग काय हौसेने?"

"हां. मग प्रश्नच नाही."

आतल्या खोलीत अनफिसाचा माग थांबला होता. मेलान्या गेल्यावर तो पुन्हा चालू झाला.

*

बर्फ उरलं होतं तोवर बोरू कापायचा. बर्फ गेलं की चिखल, मग भारा ओढता येत नाही. गावातले सगळे पुरुष तळ्यावर होते. लुक्यानच्या नव्या घराचं छप्पर शाकारायचं म्हणून सावेलीलाही बोरू हवा होता. मुलीच्या घरावर बापाच्या हातचा बोरू असावा, असं त्याने शरदातच ठरवलं होतं.

तो भाऊ पिमेनच्या शेजारी रांगेत लागला. वाकून विळा बुडखाशी घालायचा, डाव्या हाताने कवळ धरायची, ओढायचं, मागे टाकायचं. पाठीत कळ येते ती दुपारपर्यंत राहते, मग पाठच बधिर होते. बोरूची पाती गालाला लागतात. दाढीवाल्याला कळत नाही. सावेलीच्या गालावर दुपारपर्यंत बारीक लाल रेघा उठल्या.

"सावेलीकाका," मागून पोरांतला एक ओरडला, "माशी बसली तर लगेच कळत असेल ना?"

"माशी कशाला बसेल? घसरेल."

"अरे, गप्प बसा," पिमेन म्हणाला, पण तोही हसत होता. "पण खरं सांगू दादा? तू आपल्या ल्युबा आत्यासारखा दिसतोस. हुबेहूब."

"ल्युबा आत्याला मिशी होती," सावेली म्हणाला.

यावर सगळेच हसले, तोही हसला. हसताना त्याच्या गालाला खळी पडली. खळी आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. ती दिसल्यावर हसू जरा लवकरच थांबलं.

जेवायला सगळे भाऱ्यांच्या आडोशाला बसले. उपासाचं जेवण, वाल, खारवलेली कोबी, कांदा, पाव. पिमेनने किटलीतून चहा ओतला. आमच्याकडे चहाचा एकच मग फिरतो, ज्याचा घोट झाला तो पुढे देतो. बाहेरचं कोणी आलं, पोलीस, टपालवाला, मासळीचा व्यापारी, तर त्याच्यासाठी वेगळा डबा असतो. तो किटलीच्या दांडीला तारेने बांधून ठेवतात.

चहाचा मग फिरत फिरत पिमेनपर्यंत आला. पिमेनने घोट घेतला, पण तो पुढे दिला नाही. वाकून त्याने तारेला बांधलेला डबा सोडवला, त्यात चहा ओतला आणि सावेलीपुढे धरला.

"तसं काही नाही, दादा. बाबांनी सोडलं की..."

"कळतं मला."

"म्हणजे आपलं, कुणी बोलायला नको म्हणून."

सावेलीने डबा घेतला. पत्र्याची कड तापली होती. तो फुंकर घालून प्यायला, सगळा प्यायला, डबा बर्फाने घासून साफ केला आणि परत तारेला बांधून ठेवला.

*

शनिवारी न्हाणीघर तापवलं. दगडांवर पाणी टाकल्यावर वाफ उठली. घाम निघावा म्हणून उस्तिन्याने त्याच्या पाठीला बर्चच्या डहाळ्या मारल्या. पाठीवर बोरूच्या भाऱ्यांचे वळ होते.

"उद्या बाबांकडे जाशील."

"जाईन."

"मुखवट्याचं सांग. जास्त काही बोलायचं नाही. तुला बोलायला लागलं की थांबता येत नाही." ती डहाळ्या पाण्यात बुडवत होती. "बाबा विचारतील, जबरदस्तीने का? तू म्हण, हो. एवढंच."

वाफेत त्याचं तोंड दिसत नव्हतं.

"उस्तिन्या, मुकादम काय म्हणाला सांगू? म्हणाला, दाढी असू दे, तू आपला बाहेर राहा, गंज खरवड. मी दोन महिने बाहेरच गंज खरवडत होतो."

डहाळ्या थांबल्या.

"मला काही ऐकू आलं नाही," उस्तिन्या म्हणाली. "दगड फार तडतडतायत." आणि तिने तांब्याभर पाणी दगडांवर ओतलं. वाफेने दोघांनाही खोकला आला.

*

आमचे धर्मगुरू तेरेंतीबाबा म्हातारे आणि मऊ माणूस. कबुलीला येणाऱ्याला ते आधी गुडघा कसा आहे, गाय व्याली का, असं विचारत. सावेली क्रूस आणि पोथी ठेवलेल्या चौरंगासमोर उभा राहिला. बाबांनी रीतीप्रमाणे आपल्या गळ्यातली शाल त्याच्या डोक्यावर टाकली.

"सैन्यात, तुरुंगात, दवाखान्यात काढतात ती दाढी आपण काढलेली नसते," बाबा म्हणाले. "ती कापून नेलेली असते. तसंच झालं ना तुझं?"

सावेलीने क्रूसाकडे पाहिलं.

"कारखान्याचा नियम होता. मुखवटा होता," बाबाच पुढे म्हणाले.

"मुखवटा होता, बाबा."

"झालं तर मग. म्हणजे जबरदस्ती."

बाबांनी सुटकेचं दार उघडून धरलं होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. बाहेर ओट्यावर उस्तिन्या आणि अनफिसा उभ्या होत्या. त्यांना आतलं ऐकू येत नव्हतं, पण देवळाच्या भिंती लाकडी आहेत, तिथे उभं राहिलं की कान आपोआप लागतो.

"मला कुणी काढ म्हणालं नव्हतं," सावेली म्हणाला.

बाबांचा हात शालीवर तसाच राहिला.

"नीट आठवून सांग. कुणीतरी म्हणालं असेल. रागावून, चिडून."

"नाही, बाबा. चांगली माणसं होती. मला पोपा म्हणायची, म्हणजे भटजी म्हणायची. पण प्रेमानेच. जेवायला बसलो, क्रूस काढला, की सगळ्या टेबलावरचे चमचे थांबायचे. मी पहिला घास घेईपर्यंत थांबायचे. कुणी हसत नव्हतं. बघायचे. रोज. रस्त्यात लहान पोरं आयांना दाखवायची." तो श्वास घ्यायला थांबला. "इथे मी कधी कुणाला दिसलोच नव्हतो, बाबा. आपल्यात कोण कुणाकडे बघतं? तिथे सकाळी उठल्यापासून दिसत होतो. एक दिवस माझ्या खोलीत राहणाऱ्या जेलूकडून वस्तरा मागितला."

"आणि मग?"

"मग काही नाही."

बाबा हळू आवाजात, जणू सावेलीवरच रागावल्यासारखे म्हणाले, "मी तुला इतक्यांदा विचारलं."

"तुम्ही विचारलंत म्हणूनच, बाबा."

प्रायश्चित्त असं ठरलं की दाढी पूर्वीच्या जागी येईपर्यंत सावेलीने देवळाच्या ओसरीत उभं राहायचं, गायचं नाही, तसबिरीला हात लावायचा नाही. पूर्वीची जागा म्हणजे कमरेचा पट्टा. तिथवर यायला वर्षं लागतात.

*

घरी उस्तिन्याने पहिल्यांदा आवाज चढवला.

"एक शब्द! एक शब्द म्हणायचा होता. हो. एवढासुद्धा तोंडातून निघाला नाही?"

"समोर क्रूस होता."

"क्रूस होता. आणि पोर कुठे होती? ती बाहेर उभी होती, ती दिसली नाही तुला? तिथे जाऊन दाढी काढलीस, सगळ्यांसारखा व्हायला. मग इथे येऊन एक खोटं बोलायला काय झालं होतं? इथेही सगळ्यांसारखाच झाला असतास!"

ती म्हणत होती ते बरोबरच होतं.

अगाफ्या भट्टीजवळून म्हणाली, "सुने, त्याला जेवायला वाढ. उपासाचा माणूस आहे."

अनफिसा मागावर होती. रुंद पट्टा जवळजवळ पुरा झाला होता. तिने बापाकडे पाहिलं नाही. लांबी मोजण्यासाठी पट्टा स्वतःच्या कमरेला लावून पाहिला, मग हातभर भाग उसवायला घेतला. पिमेनकाका बारीक होता.

*

लग्नाच्या दिवशी ऊन पडलं होतं. वाळलेल्या चिखलावर पोरं अनवाणी पळत होती. लुक्यानच्या घरावरचं छप्पर नवं, पिवळं, तिरप्या उन्हात चमकत होतं. बोरू सावेलीचाच होता. तो मात्र कुणी परत केला नाही.

सावेलीने नवा सदरा आणि जुना पट्टा घातला होता. गालावर बोटाच्या पेराएवढे तांबूस केस आले होते, शेतात पेरणी विरळ झाली तसे. तो ओसरीत उभा राहिला, डाव्या बाजूला, जिथे रुमानियन पाहुणे आणि टपालाच्या होडीचा नावाडी उभे राहतात. नावाड्याने सरकून त्याला जागा दिली.

"तुम्हीपण बाहेरचेच का हो?" नावाड्याने विचारलं. तो नवीनच लागला होता.

"मुलीकडचा," सावेली म्हणाला.

आत गाणं सुरू झालं. खालचा सूर नव्हता, त्यामुळे गाणं अधांतरी वाटत होतं, ते प्रत्येकाला जाणवलं आणि कुणी मागे वळून पाहिलं नाही. सावेलीचे ओठ हलत होते. आवाज त्याने गिळून ठेवला होता, गळ्याची घाटी तेवढी वरखाली होत होती. आता ती झाकायला काही नव्हतं.

पिमेनने तसबीर धरली. त्याच्या कमरेला लाल-हिरवा पट्टा होता, मधून पिवळी रेघ. मुलगा-मुलगी त्याच्या पायांपाशी वाकली. सरिकोयचा पाहुणा समाधानाने खोकला.

मग वरात बाहेर निघाली. बाहेर यायला वाट ओसरीतूनच आहे, दुसरी नाही. सावेली भिंतीला पाठ लावून उभा होता. हात पुढे करावेत की मागे बांधावेत ते त्याला कळेना. पुढे लुक्यान, मागे अनफिसा, तिच्यामागे मेलान्या. अनफिसाची मान खाली होती, नव्या सुनेची असते तशी. बापापाशी आल्यावर तिचं पाऊल अडखळलं. वाकायला जेवढा गुडघा मोडावा लागतो, तेवढ्याच्या सुरुवातीइतका तो मोडला. आम्ही जवळ होतो, आम्हाला दिसलं.

"चल गं पोरी," मागून मेलान्या हळूच म्हणाली. "लोक खोळंबलेत."

गुडघा सरळ झाला. तिच्या परकराची कड सावेलीच्या बुटावरून घासून गेली. इतर कुठलीही मुलगी जशी गेली असती तशी ती गेली.

*

उन्हाळ्यात पाणी पुन्हा उतरलं. सावेली गोदीत परत गेला. जाताना दाढी गळ्यापर्यंत आली होती. शरदात आईच्या आजाराचं ऐकून धावत आला तेव्हा गाल पुन्हा गुळगुळीत होते. या वेळी त्याने शाल गुंडाळली नव्हती, आणि या वेळी फडकंही आणलं नव्हतं. कुणी मुखवट्याचं विचारलं नाही.

अगाफ्या आता बाकावरून उठत नव्हती. तिने उशीखालून निळ्या चौकटीचं फडकं काढलं.

"हे माझ्याबरोबर घाला."

"आई, ते माझं आहे. माझ्या पेटीत ठेवायचं."

"तुझी पेटी कुठे असेल कुणाला ठाऊक? तिथे कोण ठेवणार आहे? जेलू?" तिने श्वास गोळा केला. "मी पुढे घेऊन जाते. वर उभी राहीन दाराशी. तू आलास आणि त्यांनी नाही ओळखलं, तर मी दाखवीन. हे बघा म्हणेन. ह्याचंच आहे."

"आणि तू ओळखशील मला?"

म्हातारीने हात वर केला. गालावर ठेवला, मग हनुवटीवर. बोटं बराच वेळ तिथेच फिरत राहिली, वाल निवडताना फिरायची तशी.

"खळी आहे तुला," ती म्हणाली. "लहानपणी होती. मी विसरले होते."

तिला पुरलं तेव्हा फडकं तिच्या उजव्या हाताखाली होतं. उस्तिन्यानेच ठेवलं. सावेली कबरस्तानात गर्दीच्या कडेला उभा होता, नावाड्याजवळ. आईसाठीही त्याला गाता आलं नाही.

*

पहिल्यांदा दाढी काढली, त्यानंतरच्या रविवारी सावेली तुल्चाच्या बाजारात गेला होता. अनफिसासाठी लाल लोकर घेऊन झाल्यावरही तो संध्याकाळपर्यंत गर्दीत फिरत राहिला, आणि कुणीही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.